करपलेलं स्टीलचं भांडं: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे डब्यांचं काम आहे, नाशिकला, सिडकोत. अंबडच्या कंपन्यांत जाणारी माणसं अन् क्लासची पोरं मिळून चाळीसेक डबे रोज जातात. स्वयंपाक बायको आणि माझी वहिनी बघतात, आणि भांड्यांच्या मावशी आल्या नाहीत की मोरीत मी. त्याआधी बरीच वर्षं मी सातपूरला स्टीलच्या पत्र्याच्या कामात होतो, म्हणून सगळ्यांना वाटतं ह्याला स्टीलचं सगळं कळतं. सगळं नाही कळत, पण करपलेली भांडी इतकी काढलीयेत की आता गल्लीतलं कोणीही पातेलं घेऊन दारात उभं राहतं. तेच तेच सांगून तोंड दुखायला लागलं म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

दूध लागलंय, तळ काळा झालाय. आत्ता या मिनिटाला काय करू?

गॅस बंद करा आणि हात आवरा. पहिली चूक इथेच होते, घाबरून लोक पळी घालून तळ खरवडतात आणि मग खालची करपट चव सगळ्या दुधाला लागते. वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात ओतून घ्या, तळाला धक्का लावायचा नाही, शेवटचं वाटीभर गेलं तर जाऊ द्या.

दुसरी चूक म्हणजे तापलेलं भांडं तसंच नळाखाली धरणं. चर्रर्र आवाज येतो, बरं वाटतं, पण तळ वाकतो, मग ते पातेलं गॅसवर डुगडुगत राहतं आणि इंडक्शनवर तर नीट बसतच नाही. जाड बुडाच्या भांड्यात दोन-तीन धातूंचे थर असतात, एक जास्त आकसतो एक कमी, असं वरचेवर केलं तर थर सुटायला लागतात. पाचेक मिनिटं निवू द्या, मग कोमट पाणी घाला. जेवढा भाग करपलाय तो बुडेल एवढंच, काठोकाठ नको.

मग पुढे? नेमकी पद्धत सांगा.

सांगतो, पण आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा की करपलेलं भांडं घासून निघत नाही, भिजून निघतं. घासणं हे शेवटचं दोन मिनिटांचं काम आहे. ज्याला अर्धा तास घासायला लागतंय त्याने भिजवायला घाई केलीय, बाकी काही नाही.

तर भांड्यात पाणी घ्या, एक लिटरला दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा. पाणी गार असतानाच घाला हं, उकळत्या पाण्यात टाकला तर फसफसून ओट्यावर येतं आणि मग दोन कामं होतात. चमचाभर भांड्याचं लिक्विड घातलं तरी चालेल. उकळी आली की गॅस बारीक करून दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. मधेच लाकडी उलथन्याने तळ हळूच ढकलून बघा, पापुद्रे सुटायला लागलेले कळतात. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि विसरून जा. मी रात्री जेवणं झाल्यावर करतो, सकाळी उठून बघतो तर निम्मं काळं पाण्यात तरंगत असतं.

सकाळी ते पाणी ओतून द्या, ओलसर तळावर कोरडा सोडा भुरभुरवा आणि साध्या घासणीने गोल गोल फिरवा.

उकळायचंच का, नुसता सोडा चोळला तर नाही का चालणार, असं वहिनीने मला विचारलं होतं. चालतो, पण कमी चालतो. खाण्याचा सोडा तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे हळूहळू धुण्याचा सोडा तयार होतो, तो खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तिखट अल्कली (म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाचा) असतो. म्हणजे उकळताना औषध आपोआप कडक होत जातं.

एवढं करूनही काळे ठिपके राहिले तर?

परत तेच करा. मी चेष्टा करत नाहीये, दुसऱ्या उकळीला बहुतेक वेळा निघतं. तिसऱ्यालाही नाही निघालं तर मग सरळ धुण्याचा सोडा घ्या, किराणा दुकानात मिळतो, लिटरला एक मोठा चमचा बास. हातमोजे घाला कारण त्याने हाताची कातडी सोलल्यासारखी होते, आणि खिडकी उघडी ठेवा. भांडं ॲल्युमिनियमचं किंवा हिंदालियमचं असेल तर हा प्रकार अजिबात करू नका, अल्कली ॲल्युमिनियमला खातो, भांडं काळंनिळं पडतं आणि ते परत पहिल्यासारखं होत नाही. ट्राय-प्लाय, म्हणजे दोन स्टीलच्या थरांमधे ॲल्युमिनियम असलेल्या, कढईच्या काठावर पत्र्याच्या कापलेल्या कडेत मधला ॲल्युमिनियमचा थर उघडा असतो, म्हणून तीही रात्रभर या पाण्यात अख्खी बुडवून ठेवायची नाही.

मागे एकदा कोजागिरीला बिल्डिंगच्या गच्चीवर वीस लिटर दूध आटवायला ठेवलं होतं आणि ढवळायची जबाबदारी ज्याच्याकडे होती तो चंद्राचे फोटो काढत बसला. तो मीच होतो, आता सांगायला हरकत नाही. टोपाच्या तळाला बोटभर थर, टोप भाड्याचा, सकाळी परत द्यायचा. मी रात्री बारा वाजता लोखंडी खुरपं घेऊन बसलो. थर निघाला, पण टोपाच्या तळावर असे ओरखडे पडले की भाडेवाल्याने अनामत कापून घेतली, आणि बरोबरच केलं त्याने. नंतर लक्षात आलं की तोच टोप तिथेच शेगडीवर सोड्याचं पाणी घालून ठेवला असता तर मी झोपलो असतो आणि काम आपोआप झालं असतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र टाकल्यावर मस्त फेस येतो, तो जास्त चांगला ना?

नाही. फेस बघायला छान वाटतो एवढंच. सोडा अल्कली, व्हिनेगर ॲसिड, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि शेवटी उरतं जवळपास खारट पाणी. फेसाने सुटे कण जरा हलतात, पण त्यासाठी दोन्ही वाया घालवायची गरज नाही. ईनोचंही तेच, त्यात सोडा आणि सायट्रिक ॲसिड आधीच एकत्र असतं, पाण्यात पडलं की दोघांची कुस्ती सुरू. पोटाला ठीक आहे, पातेल्याला महाग पडतं.

दोन्ही वापरायचे असतील तर एकामागून एक वापरा. आधी सोडा, मग नीट धुवून मग ॲसिड. कारण दोघांची कामं वेगळी आहेत, आणि हा मुद्दा कळला की निम्मे प्रश्न तुम्हाला विचारावेच लागणार नाहीत. काळं, तपकिरी, चिकट, करपट म्हणजे जे मुळात अन्न होतं, ते अल्कलीने सैल होतं. पांढरं, चुन्यासारखं, किंवा मोरपिशी-निळसर झाक असलेलं, म्हणजे जे अन्न नाहीच, ते ॲसिडने जातं. लोक उलटं करतात, करपलेल्यावर लिंबू चोळत बसतात आणि म्हणतात काही होत नाही.

तळावर इंद्रधनुष्यासारखे रंग आलेत. भांडं बिघडलं का?

बिघडलं नाही. भांडं रिकामं तापलं किंवा फार जास्त तापलं की असं होतं. स्टेनलेस स्टीलच्या अंगावर क्रोमियम ऑक्साइडचा एक थर असतो, केसाच्या हजारो पट पातळ, डोळ्याला दिसतच नाही, आणि त्याच्यामुळेच स्टील गंजत नाही. जास्त उष्णतेने हा थर ठिकठिकाणी जाड होतो आणि उजेड त्यातून फुटून रंग दिसतात, पावसात रस्त्यावरच्या पाण्यात गाडीचं ऑइल सांडलं की दिसतात तसेच. आधी पिवळसर, अजून तापलं की जांभळं, मग निळं. आम्ही कारखान्यात वेल्डिंगच्या सांध्याजवळ हे रोज बघायचो.

अर्धी वाटी व्हिनेगर किंवा एका लिंबाचा रस कोमट पाण्यात घालून तळावर फिरवा, पाच-दहा मिनिटांत जातो. लिंबूसत्त्वही चालतं, लिटरला एक चमचा. आणि नाही काढलं तरी काही बिघडत नाही, त्यात शिजवलेलं खुशाल खा.

पांढरे डाग म्हणजे पाण्यातला चुना. ज्यांच्या सोसायटीत बोअरचं पाणी येतं त्यांच्याकडे जास्त, नळाचं पाणी वापरणाऱ्यांकडे त्या मानाने कमी. त्यालाही हाच उपाय.

आता एक नाशिकचा उपाय सांगतो. जानेवारी ते एप्रिल आपल्याकडे द्राक्षं कशी असतात माहितीये, आणि त्यात आंबट निघालेला घड कोणी खात नाही. द्राक्षात टार्टारिक ॲसिड असतं, चिंचेत असतं तेच. दिंडोरीकडे वायनरीतल्या टाक्यांच्या आत याच ॲसिडच्या क्षाराचे खडे बसतात, शुद्ध केले की त्यालाच क्रीम ऑफ टार्टर म्हणतात आणि केकवाले ते वापरतात. तर मी आंबट द्राक्षं कुस्करून रंग आलेल्या कढईला चोळून बघितली. रंग गेले! पण मोरीत मुंग्या इतक्या झाल्या की दोन दिवस बायको माझ्याशी बोलली नाही. चिंच वापरा.

तिळगुळाचा पाक करपून दगड झालाय, तो कसा काढू?

हा सगळ्यात सोपा प्रश्न आणि लोक यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. साखर असो की गूळ, पाण्यात विरघळतोच. पाणी घाला, उकळा, संपलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकू सुरीने टोचत होत्या, मी म्हटलं काकू गॅस लावा फक्त. पाक अगदी कोळसा झाला असेल तरच सोडा लागतो.

पुरण लागलं, खिचडी लागली, भात लागला. त्याला पण हेच?

हेच, पण यांना नुसतं गरम पाणीही पुष्कळ असतं. पिठूळ पदार्थ पाणी पिऊन फुगतात आणि स्वतःच सुटतात. तास-दोन तास द्या. होळीला पुरणाचं पातेलं रात्री सगळं आवरून झाल्यावर पाणी न घालता तसंच ओट्यावर राहतं आणि सकाळपर्यंत सिमेंट होतं, हे दरवर्षी होतं आणि दरवर्षी मी बोलतो.

कढईच्या बाहेर आणि काठाला पिवळे-तपकिरी चिकट डाग, कितीही घासा जात नाहीत.

आता आली खरी डोकेदुखी. हे करपलेलं अन्न नाही, हे तेल आहे. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्याचे रेणू एकमेकांना धरून जाळं करतात आणि त्याचं चक्क व्हार्निश होतं. मिसळीचा कट उडून काठावर बसतो, भजी तळताना तेल ओघळतं, आणि रोज वरून नवीन थर. म्हणून साबण लागत नाही, साबणाला तेल कळतं, व्हार्निश कळत नाही.

यावर सोडा आणि थोडं पाणी असं दाट कालवा, डागावर जाड थापा, वरून ओला कागद किंवा फडकं ठेवा म्हणजे वाळणार नाही, आणि पाच-सहा तास सोडा. कढई लहान असेल तर मोठ्या टोपात सोड्याच्या पाण्यात उकळायलाच ठेवा, ट्राय-प्लाय असेल तर तेवढ्यापुरतंच, रात्रभर नाही. एका फेरीत पूर्ण जाणार नाही, थर थर करून जाईल. आमच्या जुन्या कढईला चार रविवार लागले. आणि खरं सांगू का, बाहेरच्या बाजूचा हा डाग काढला नाही तरी काही अडत नाही. डब्याच्या धंद्यात आम्ही आतलं चकचकीत ठेवतो आणि बाहेरच्यासाठी जीव काढत नाही. पाहुण्यांना कढई दाखवायची असेल तर गोष्ट वेगळी.

तारेची घासणी वापरू की नको?

दोन प्रकार असतात ते आधी बघा. एक ती बारीक करड्या केसांसारखी लोखंडी तार, तिचे तुकडे पडतात, भांड्यावर चिकटतात आणि दुसऱ्या दिवशी तांबडे ठिपके दिसतात. मग लोक म्हणतात स्टील गंजलं. स्टील नाही गंजलं, तुमच्या घासणीचे तुकडे गंजले. कारखान्यात लोखंडाला लावलेलं ग्राइंडिंग व्हील आम्ही स्टेनलेसला लावूच देत नव्हतो ते याच कारणाने. दुसरी चकचकीत गुंडाळलेली जाळी, ती स्टेनलेसचीच असते, गंज सोडत नाही पण ओरखडे पाडते. हिरव्या घासणीतही पॉलिश पेपरसारखे बारीक कण असतात.

माझं मत विचाराल तर चकचकीत जाळी तळाला, भिजवून झाल्यावर, हलक्या हाताने चालेल. आरशासारखं पॉलिश असलेल्या भांड्याला काहीच नको, नारळाच्या शेंडीची घासणी घ्या. ओरखडे दिसायला वाईट एवढाच मुद्दा नाही, त्यात पुढचं दूध अजून घट्ट धरून बसतं.

आजी राखेने घासायची, ते काय चूक होतं का?

अजिबात नाही. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे तीही अल्कलीच, वर बारीक दळलेली. सोड्याचंच काम ती करायची. फक्त राख चाळलेली पाहिजे, एक खडा आला की रेघ ओढली म्हणून समजा. आणि गावाला चुलीवर भांडं चढवायच्या आधी बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा लेप द्यायचे ना, तो नंतर काजळीसकट धुवून जायचा. इतकी हुशारी आपल्या गॅसवाल्यांकडे नाही. विटेचा चुरा मात्र नको, तो पितळेच्या घंगाळाला ठीक होता.

टॉयलेट क्लीनर टाकला तर लगेच निघतं म्हणे?

कोण म्हणे? त्याला माझ्याकडे पाठवा. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, ते स्टीलचा तो पातळ थर फोडून आत घुसतं आणि भांड्याला बारीक बारीक खड्डे पाडतं. ब्लीचचंही तसंच, क्लोरीन आणि स्टेनलेस यांचं जन्माचं वैर. आणि ही दोन चुकून एकत्र झाली तर विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद मोरीत ते जिवावर बेतू शकतं. जेवायच्या भांड्याला संडासातली बाटली लावायचीच नाही, विषय संपला.

तळाला टाचणीने टोचल्यासारखे खड्डे पडलेत, मी तर ॲसिड वापरलं नव्हतं.

मीठ. गार पाण्यात मीठ टाकलं की ते तळाला जाऊन बसतं, आणि पाणी तापेपर्यंत जिथे बसलं तिथे स्टीलला खातं. पाणी उकळल्यावर मीठ घाला आणि ढवळा, एवढंच. लोणचं, मीठ लावलेल्या कैऱ्या, रात्रभर खारट आमटी हे स्टीलमध्ये ठेवायचं नाही. बरणी त्यासाठीच असते. पडलेले खड्डे मात्र भरून येत नाहीत. भांडं वापरता येतं, फक्त तिथे अन्न अडकतं म्हणून ब्रशने साफ करावं लागतं.

कुकर कोरडा लागला, पाणी घालायला विसरलो. आतून काळा, काय करू?

डाग नंतर, आधी जीव. पूर्ण निवू द्या, झाकण जबरदस्तीने उघडू नका. सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळलेला असेल तर नवीन व्हॉल्व्ह बसवल्याशिवाय कुकर परत लावायचा नाही. गॅस्केट कडक झालं असेल तर तेही बदला. दोन्ही मिळून फार पैसे लागत नाहीत आणि कंपनीचेच घ्या.

मग कुकर कशाचा आहे ते बघा. स्टीलचा असेल तर वरचीच सोड्याची पद्धत, झाकण न लावता. ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा नाही, साबणाच्या पाण्यात भिजवा आणि लाकडी उलथन्याने काढा. ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये रोजच्या पाण्याने जो काळपट रंग येतो त्याला पाण्यात लिंबाची पिळलेली साल किंवा चिंचेचं बुटुक टाकून उकळा, बायका हे करतातच.

तांब्याचं बूड आहे, ते काळं पडलंय.

लिंबू-मीठ किंवा चिंच-मीठ, घासायची पण गरज नाही, हात फिरवला की गुलाबी होतं. फक्त ते मीठ लगेच धुवा आणि वरच्या स्टीलवर वाळू देऊ नका, कारण वर सांगितलं ते.

बूड जर काजळीने रोज काळं होत असेल तर भांड्याचा दोष नाही, गॅसची ज्योत बघा. पिवळी जळत असेल तर बर्नर साफ करून घ्या.

चहाचं पातेलं आतून तपकिरी झालंय.

सोडा, कोमट पाणी, पाच मिनिटं. चहातलं टॅनिन असतं ते. इतकं सोपं आहे की दर रविवारी करायला हवं, आणि कोणी करत नाही, आम्ही पण नाही.

हळदीचा डाग?

स्टीलला हळद धरत नाही, तो तेलाचा थर असतो त्यात हळद अडकलेली. डब्याच्या प्लॅस्टिकच्या झाकणाला मात्र खरोखर धरते. त्याला धुवून उन्हात ठेवा, हळदीचा रंग उन्हाने उडतो.

काळे कण भाजीत आले तर पोटात जाऊन काही होतं का?

चुकून दोन कण गेले तर काही होत नाही, चव बिघडते. म्हणून रोज करपलेलं खा असं नाही म्हणत मी.

चुंबक चिकटतं म्हणजे स्टील हलकं असतं ना?

हा प्रश्न भांडी बाजारात उभं राहून लोक दुकानदाराशी भांडताना ऐकलाय. अर्धवट खरं आहे. चांगलं समजलं जाणारं ३०४ ग्रेड, ज्याला १८/८ म्हणतात कारण त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, त्याला चुंबक सहसा चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं स्वस्त २०२ ग्रेड, त्यालाही चिकटत नाही. मग चुंबकाने काय ओळखलं तुम्ही? उलट ३०४ चा पत्रा दाबून खोल भांडं काढलं की कोपऱ्यात थोडं चुंबक ओढतं. आणि इंडक्शनच्या भांड्याचा तळ तर मुद्दाम चुंबक धरणाऱ्या स्टीलचा करतात, नाहीतर शेगडी त्याला ओळखणारच नाही. दुकानात चुंबक नेण्यापेक्षा बुडाची जाडी बघा आणि ग्रेडचा शिक्का बघा.

सहज आठवलं म्हणून, स्टेनलेसचा शोध १९१३ साली शेफील्डला हॅरी ब्रेअर्लीने लावला तो भांड्यांसाठी नाही, बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून काम चालू होतं. आणि शेवटी ते आलं आपल्या मोरीत.

पण स्टीललाच का एवढं लागतं? ॲल्युमिनियमच्या पातेल्यात नाही लागत.

कारण स्टील उष्णता नीट पसरवत नाही. ॲल्युमिनियमच्या साधारण पंधराव्या हिश्श्याने आणि तांब्याच्या पंचविसाव्या हिश्श्याने ते उष्णता वाहून नेतं. म्हणजे खाली जिथे ज्योत लागते तेवढंच कडं तापतं आणि बाकी भांडं निवांत. म्हणूनच करपल्याचा डाग नेहमी गोल कड्यासारखा असतो, बघा कधी. बोहारणीकडून दोन जुन्या साड्यांवर घेतलेलं कागदासारखं पातेलं असेल तर त्यात दूध लागणारच, त्यात सुनेचा दोष नाही. जाड बुडात मधे ॲल्युमिनियम घालतात ते यासाठीच.

परत लागू नये म्हणून काय करता तुम्ही?

दुधासाठी, पातेलं आधी पाण्याने विसळून ओलं असतानाच दूध ओता. गॅस मध्यम, आणि ज्योत बुडाच्या बाहेर येऊ द्यायची नाही. दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम तापलेल्या तळाला चिकटून बसतात, म्हणून सुरुवातीपासून उलथन्याने तळ मोकळा करत राहायचं, एकदा लागल्यावर ढवळून उपयोग नाही, उलट वास पसरतो.

परतायच्या भाजीसाठी उलटं आहे. कढई आधी मध्यम आचेवर तापवा, पाण्याचा थेंब टाका, तो चरचरून वाळला तर अजून थांबा, गोळी होऊन पाऱ्यासारखा पळायला लागला की तेल घाला. मग बटाटा पण चिकटत नाही. थंड कढईत तेल-भाजी एकदम टाकणारे लोक नंतर मला फोन करतात.

आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. चंद्राचे फोटो नंतर काढा.

भांड्यावर घातलेल्या नावाच्या अक्षरात काळं बसलंय.

जुना टूथब्रश आणि सोडा. लग्नात आलेल्या भांड्यांवर ठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं ना, त्या ठिपक्यात भांडी घासायची पावडरही अडकते, मग पांढरी दिसते. व्हिनेगरने जाते. पण ते नाव घासून पुसायचा प्रयत्न करू नका, आमच्याकडे एका तांब्यावर माझ्या आत्याचं नाव आहे, आत्या गेली, तांब्या रोज वापरात आहे.

भांड्यांच्या मावशींनाच हे सगळं सांगितलं तर?

सांगा, पण भिजवून ठेवायचं काम तुमचं. मावशी तुमच्याकडे वीस मिनिटं असतात, पुढे चार घरं असतात. करपलेलं पातेलं तसंच कोरडं मोरीत टाकलं तर त्या तारेची घासणी घेणारच, दुसरं काय करतील. आमच्याकडे नियम आहे, ज्याने करपवलं त्याने सोडा घालून उकळायचं, मगच ते मोरीत जाणार.

कधी समजायचं की आता हे भांडं गेलं?

डागामुळे भांडं कधीच जात नाही. तळ वाकून डुगडुगत असेल, थर सुटून मधे फुगा आला असेल, आरपार भोक पडलं असेल किंवा कान हलत असतील तर द्या मोडीत. भांडी बाजारात मोड वजनावर घेतात, नव्या भांड्याच्या किमतीत वळती करतात. पावसाळ्यात जात असाल तर गोदावरीला किती पाणी आहे ते विचारून जा, नदीतली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडायला लागली की तिथले दुकानदार माल वर चढवायच्या गडबडीत असतात, तुमच्या पातेल्याचं वजन कोणी करणार नाही.